मुलांना मुलं हवीत

प्रश्न असा आहे: "माझं लहानपण साताऱ्यात वाड्यात गेलं. शाळा सुटली की दप्तर टाकून जी बाहेर पडायचे ती दिवेलागणीलाच घरी. आता आम्ही वाकडला सातव्या मजल्यावर राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. शाळा, क्लास, घर आणि टॅब, एवढंच त्याचं जग. खाली खेळायला पाठवायला जीव धजत नाही, बातम्याच तशा येतात. सासरे म्हणतात, तुम्ही लाडावून ठेवलाय, आमच्या वेळी एका फटक्यात पोरं सरळ व्हायची. नवरा म्हणतो, मोबाइलनं वाट लावली. समाज बदलला म्हणून मुलं अशी झाली, की आमचंच काही चुकतंय?"

तुमच्या घरातली तिन्ही माणसं काळजीपोटीच बोलताहेत, पण तिघांनी तीन वेगळी कारणं धरली आहेत. मी १९८९ पासून सांगली-कराड पट्ट्यात मुलांचा डॉक्टर म्हणून काम करतो. तेव्हा जी बाळं कडेवर बसून यायची, ती आता स्वतःची बाळं कडेवर घेऊन येतात. दोन पिढ्यांची बालपणं अशी शेजारी शेजारी पाहिल्यावर माझं जे मत झालं ते आधीच सांगतो. तुमच्या मुलाच्या आयुष्यातून गेलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दुसरी मुलं. हट्ट, चिडचिड, टॅब, उशिरा झोपणं, चष्म्याचा वाढता नंबर यातलं बरंचसं त्या रिकाम्या जागेत येऊन बसलं आहे.

पण त्याआधी "आमचं लहानपण छान होतं" याकडे जरा नीट पाहू, कारण सगळी चर्चा तिथूनच सुरू होते.

मी शिकत होतो तेव्हा पावसाळ्यात मुलांच्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं असायची. हगवण, गोवर उतरल्यावर होणारा न्यूमोनिया, घटसर्प, धनुर्वात. १९७१ मध्ये भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा २८ पर्यंत खाली आला, आणि महाराष्ट्रात तर १६ वर. "पाच झाली, तीन राहिली" असं म्हाताऱ्या बायका पावसापाण्याबद्दल बोलावं तशा सांगायच्या. पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. पायाला कॅलिपर लावून चालणारं एक तरी मूल पूर्वी प्रत्येक शाळेत असायचं. तुमच्या मुलाने ते पाहिलंही नसेल. गेल्या पन्नास वर्षांत बालपणात झालेला हा सगळ्यात मोठा बदल आहे. आशाताई, परिचारिका, लस, मिठासाखरेचं पाणी, शिकलेली आई यांनी तो घडवला, आणि त्यावर कुठेच वाद रंगत नाहीत म्हणून तो आपण विसरून जातो.

या बदलाच्या पोटातूनच तुमचा प्रश्न जन्माला आला आहे. मुलं जगू लागली तशी ती कमी होऊ लागली. महाराष्ट्रात १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर स्त्रीमागे सरासरी २.९ मुलं होती. २०१९-२१ च्या पाहणीत १.७. आकडा छोटा वाटतो, पण त्याचा हिशेब घरात मांडून पाहा. तुमच्या आईला चार भावंडं असतील आणि प्रत्येकाला तीन मुलं, तर तुम्हाला नुसत्या आईकडून बारा मामे-मावस भावंडं. तुम्ही दोन भावंडं असाल आणि तुमच्या भावाला एकच मूल असेल, तर तुमच्या मुलाला आईकडून एकच मामेभाऊ, आणि तोही बहुधा बंगळुरूला. मे महिन्यात आजोळी जाऊन करायचं काय, हा प्रश्न आजच्या मुलाला खरोखरच पडतो. आजोळ तेच आहे, आजी-आजोबाही आहेत, पण डबा ऐसपैसला लागणारी आठ डोकी तिथे नाहीत.

आणि एकच मूल असलं की सगळ्या घराचा जीव त्याच्यात अडकतो. पूर्वी पाच पोरांवर दोन डोळे असायचे, आता एका पोरावर सहा माणसांचे डोळे आहेत. माझ्या टेबलासमोर आई, बाबा, आजी, आजोबा उभे, आणि मध्ये एक सर्दी झालेलं मूल, हे आता नेहमीचं झालं आहे. "तुला काय होतंय रे?" असं मी मुलाला विचारतो आणि उत्तर चारही बाजूंनी मोठ्यांकडून येतं. मूल गप्प बसून खिडकीतून बाहेर बघत राहतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला स्वतःचं पोट कुठे दुखतं हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. ज्यांच्या वतीने सगळं मोठेच बोलतात त्यांना ते जड जातं, हे मी रोज पाहतो.

आता वाड्यातल्या मोकळेपणाबद्दल. तो खरा होता, पण सगळ्यांना सारखा नव्हता. तुमच्या आईला विचारा, दहाव्या वर्षी त्या संध्याकाळी खेळायला जायच्या का. बऱ्याच घरांतल्या मुली त्या वयात भांडी घासत, पाणी भरत आणि धाकटं भावंड कडेवर घेऊन दारात उभ्या राहत. वाड्यात कुणाची पोरं येऊ शकत आणि कुणाची दिंडीदरवाज्याबाहेरच थांबत, हेही आठवून पाहा. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे किमान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलंही, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिन्याला एक रुपया दंड लावला. मूल म्हणजे घरातले कामाचे दोन हात, ही समजूत मोडायला एवढं करावं लागलं. देशभर सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला तो तर १ एप्रिल २०१० पासून.

आणि ती समजूत पूर्ण मोडलेली नाही. आमच्या भागात ऊस तोडायला बीड, जालना, परभणीकडून टोळ्या येतात. दिवाळीच्या आसपास कारखान्याच्या आवारात आणि शेतांच्या कडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात, त्या थेट मार्चअखेरपर्यंत. हंगामात संध्याकाळी दवाखान्यात एक दहा-अकरा वर्षांची मुलगी येते. दर वर्षी वेगळी असते, पण येते. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, डोक्याला रुमाल, केसांत पाचटाचा कचरा. आई उसाच्या फडात असते. ही मुलगी मला एखाद्या नर्ससारखी माहिती देते: "रातच्यापासून जुलाब लागल्यात, पाणी पाजलं तरी भाईर टाकतंय, सकाळपासून लघवी एकदाच झाली." शेवटचं वाक्य शिकलेल्या आयाही आपणहून सांगत नाहीत, आणि जुलाबात डॉक्टरला सगळ्यात आधी तेच हवं असतं. मी ओआरएसचं पाकीट कसं कालवायचं ते सांगू लागलो की ती म्हणते, "येतंय मला." शाळेचं विचारलं तर म्हणते, गावाकडे चौथीत नाव आहे.

ही मुलगी कुणी लाडावलेली नाही, तिच्या हातात टॅब नाही, ती दिवसभर उघड्यावर आहे आणि तिच्या आजूबाजूला पोरंही भरपूर आहेत. तुमचे सासरे ज्या गुणांची आठवण काढतात ते सगळे तिच्यात आहेत. तरीही हे बालपण मी कुठल्याच मुलासाठी मागणार नाही. उसाच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर मिळते. तेरा-चौदा वर्षांची मुलगी गावात एकटी ठेवायची तर आई-बापाला घोर लागतो, आणि तिचं लग्न लावलं की नवी जोडी तयार होते. बालविवाह रोखण्याच्या घोषणा देताना हे गणित डोळ्यांसमोर ठेवलं पाहिजे. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हंगामी वसतिगृहं जिथे नीट चालतात तिथे मुलगी गावातच राहते, शाळेत जाते आणि दोन-चार वर्षं तरी मिळवते. म्हणून मी भाषणापेक्षा वसतिगृहातल्या रात्रीच्या जेवणाची आणि तिथल्या राहत्या बाईंच्या पगाराची चौकशी जास्त करतो.

यावर उपाय कुणाला सुचला नव्हता असं नाही. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभं केलं. मुली शाळेत येत नाहीत कारण धाकटी भावंडं सांभाळावी लागतात, हे दिसल्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच छपराखाली आणली. पोरं गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. मुलाला दटावून शाळेत बसवण्याऐवजी मुलाचं जगणं बघून शाळा बदलायची, हा विचार तिथे प्रत्यक्षात आला. आज सत्तर वर्षांनी फडावरच्या त्या मुलीला हेच हवं आहे.

आता तुमच्या मुलाकडे येतो. तो खाली का जाऊ शकत नाही?

पहिलं कारण साधं आहे, रस्ता. वाड्याबाहेरची गल्ली पोरांची होती कारण तिथून तासाला दोन सायकली आणि एक बैलगाडी जायची. आज तीच गल्ली दोन्ही बाजूंनी लावलेल्या गाड्यांनी भरली आहे. सोसायटीत पार्किंग आधी आखतात आणि उरलेल्या तुकड्यावर घसरगुंडी बसवतात. वर "बॉल खेळण्यास सक्त मनाई" अशी पाटी. मुलं ज्येष्ठांना त्रास देतात, काचा फोडतात, आरडाओरडा करतात, अशा तक्रारी सोसायटीच्या बैठकीत येतात. पण मुलांना खेळायला जागा नाही, ही तक्रार तिथे कुणी करत नाही, कारण बैठकीला मुलं नसतात. माझ्या मते घरात कोंडलेल्या मुलांमागचं हे सगळ्यात थोरलं कारण आहे आणि तुमच्या हातात सगळ्यात आधी येणारंही हेच आहे.

दुसरं कारण भीती. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि त्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या प्रत्येक आईने तोच विषय काढला. ही भीती मी खोटी मानत नाही. पण ती चुकीच्या दाराकडे बघते आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो, असं सरकारी नोंदी वर्षानुवर्षं दाखवतात. शेजारी, नातेवाईक, शिकवणीचे सर, गाडीवाले काका. सातव्या मजल्यावर दार लावून ठेवल्याने मूल यांच्यापासून सुरक्षित होत नाही. शरीराच्या अवयवांची नावं मुलाला न लाजता सांगणं, "कुणी गुपित ठेवायला सांगितलं तर ते मला आधी सांग" हे वारंवार बजावणं, आणि त्याने काही सांगितलं तर "छे, ते असं करणार नाहीत" असं म्हणून त्याला न उडवणं, याने फरक पडतो. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा नंबर मुलाला स्वतःच्या फोन नंबरासारखा पाठ हवा. आणि चार-पाच मुलांच्या घोळक्यात वावरणारं मूल एकट्या मुलापेक्षा अधिक सुरक्षित असतं, कारण घोळका पाहतो, बोलतो, घरी येऊन चुगल्या करतो.

तिसरं कारण वेळ. तुमचा मुलगा किती वाजता उठतो हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी अंदाज करू शकतो. सहा ते बारा वयाच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. शाळेची व्हॅन पावणेसातला आणि आई-बाबा घरी यायलाच रात्रीचे साडेआठ, तर हे तास आणायचे कुठून? चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असा आदेश राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. व्हॅनवाल्यांच्या फेऱ्या, दोन पाळ्यांच्या शाळा, पालकांच्या ऑफिसच्या वेळा असे अडथळे लगेच पुढे आले. ते खोटे नाहीत. पण अडचण मोठ्यांच्या वेळापत्रकाची आणि पेंगणारं मूल वर्गात, हे मला पटत नाही. आठवड्यातून तीन दिवस अबॅकस, दोन दिवस कराटे, रविवारी स्कॉलरशिपचा क्लास असेल तर त्यातला एक कमी करा. कुठला, ते मुलाला विचारा.

मग मोबाइल. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. २०१६ च्या शेवटी डेटा स्वस्त झाला आणि स्मार्टफोन घराघरात गेला. मार्च २०२० नंतर शाळा बंद पडल्या आणि तोच फोन अभ्यास म्हणून मुलाच्या हातात आला. प्राथमिकच्या मुलांसाठी तर ते बंद दार जवळजवळ दोन वर्षं टिकलं. म्हणजे फोन आपणच दिला, शाळेनेच मागितला, आणि आता सवय लागली म्हणून दोष मुलाला.

सगळ्यात जास्त नुकसान मला नऊ वर्षांच्या मुलांत दिसत नाही, दोन-तीन वर्षांच्या बाळांत दिसतं. पावणेतीन वर्षांचा एक मुलगा गेल्या पावसाळ्यात आला होता. टेबलावरचे ठोकळे उचलून 'पर्पल', 'ऑरेंज', 'ट्रँगल' असं अस्खलित म्हणत होता. घरच्यांना अभिमान. मी विचारलं, तहान लागली तर काय म्हणतो? आई गप्प झाली. तो काही म्हणत नाही, तिचा हात धरून माठापर्यंत ओढत नेतो आणि रडतो. शब्द त्याच्याकडे होते, पण शब्द टाकला की समोरून माणूस उत्तर देतो, हा अनुभव त्याच्याकडे नव्हता. आधी त्याचे कान तपासले, कारण बोलण्यात उशीर म्हटलं की ऐकू येतंय का हे पहिलं बघायचं. ऐकणं ठीक निघालं. टीव्ही-मोबाइल पूर्ण बंद केले आणि त्याला अंगणवाडीत घातलं. महागड्या प्ले-स्कूलपेक्षा मी मुद्दाम घराजवळची अंगणवाडी सांगितली, कारण तिथे वीस मुलं आणि एक बोलकी सेविका होती. चार महिन्यांनी तो "पानी दे" म्हणू लागला. प्रत्येक मुलाचं असं होतंच असं नाही. स्वमग्नता मोबाइलमुळे होते असं जे पसरवलं जातं ते बरोबर नाही, आणि स्वमग्न मुलांच्या आयांना त्यावरून बोल लावणं तर क्रूरपणाच आहे. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोन ते पाचमध्ये मोठ्यांबरोबर आणि जास्तीत जास्त तासभर, हा आम्हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे आणि तो पाळण्याजोगा आहे.

मोठ्या मुलांसाठी नुसती बंदी किती चालते? ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची खाती बंद केली. आपल्याकडेही तशी मागणी होते आहे. मला अधिक शिकवून गेलं ते आमच्याच जिल्ह्यातलं कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. तो वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा वाजला की चालू. मुलांनी अभ्यासाला बसायचं. ग्रामपंचायतीचे लोक, अंगणवाडीताई आणि निवृत्त शिक्षक सुरुवातीला घरोघरी फिरले. हे गाजलं ते भोंग्यामुळे, पण माझ्या मते खरी गोष्ट वेगळी आहे. त्या दीड तासात आईची मालिकाही बंद होती आणि बाबांचं व्हॉट्सअॅपही. शेजारच्या घरातही तेच होतं. "सगळ्यांकडे चालू आहे, मलाच का बंद" हे भांडण उरलं नाही. घरात एकट्या मुलाकडून टॅब काढून घेणं आणि गावाने मिळून दीड तास मोकळा ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

समाज बदलला का, असं तुम्ही विचारलं आहे. समाज सध्या मुलांबद्दल खूप भांडतो आहे, आणि ही भांडणं बहुतेक वयाची आहेत. मूल कुठवर मूल? मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, त्या मुलाला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, आणि "याला मोठा माणूस समजून खटला चालवा" अशी मागणी सगळीकडून उठली. संताप रास्त होता. पण सतरा वर्षांची मुलगी वर्गातल्या मुलावर प्रेम करते म्हणाली तर तेच लोक म्हणतात, तिला काय कळतंय, ती लहान आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने संमतीचं वय अठरा झालं. ते कमी करावं का यावर न्यायालयांत वाद चालू आहेत. विधी आयोगाने २०२३ मध्ये कमी करू नका असंच सांगितलं. माझ्यासारख्या डॉक्टरसमोर सोळा वर्षांची गरोदर मुलगी आली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं. ते मी करतो, आणि पुढच्या वेळी अशी मुलगी दवाखान्यात येण्याऐवजी कुठे जाईल या विचाराने झोप लागत नाही. या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

हे वाद नवेही नाहीत. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नांदायला जायला नकार दिला आणि १८८४ मध्ये त्यांच्यावर खटला भरला गेला. नांदा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश झाला तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. तडजोड झाल्यावर त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी अनेक वर्षं बायका-मुलांवर उपचार केले. १८९१ मध्ये संमतीचं वय दहावरून बारा करायचं विधेयक आलं तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ झाला! टिळकांसारखा माणूस त्याच्या विरोधात उभा राहिला. आज दहा आणि बारा हे आकडे वाचूनच पोटात कालवतं. "मुलं बिघडली, संस्कार गेले" असं म्हणणारे तेव्हाही होते, आणि शाळेत जाणारी मुलगी हेच त्यांच्या लेखी बिघडणं होतं.

मला या वादांत एक गोष्ट खटकते. आपण अठरा, सोळा, चौदा असे आकडे ठरवतो आणि त्या दिवशी मूल एकदम शहाणं होईल अशी अपेक्षा करतो. शहाणपण असं येत नाही. ते थोडं थोडं येतं, बरोबरीच्या मुलांशी भांडून, हरून, डाव मोडून, पुन्हा मांडून. लगोरीत कोण आउट यावर पंधरा मिनिटं वाद घालणारी पोरं मला फार आवडतात. तिथे पंच नसतो, नियम त्यांनाच ठरवावे लागतात, आणि फार ताणलं तर खेळच बंद पडतो हे त्यांना कळतं. कोचिंगमधल्या क्रिकेटमध्ये पंच सर असतात, रांग सर लावतात, भांडण सर मिटवतात. शरीराला व्यायाम होतो, एवढंच. नवव्या वर्षी एकट्याने कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली नाही, अकराव्या वर्षी मित्राशी अबोला धरून तो स्वतः सोडवला नाही, आणि सोळाव्या वर्षी हातात स्कूटर आणि सगळं इंटरनेट एकदम आलं, तर ते मूल करणार काय?

सासऱ्यांच्या फटक्याबद्दल. शाळेत मारणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केलं आणि ते योग्यच केलं. मार खाल्लेली मुलं सरळ झाल्याचं लोकांना आठवतं, कारण जी मोडली ती पुढे कुणाच्या आठवणीत राहिली नाहीत. छडीच्या भीतीने चौथीत शाळा सोडलेली कितीतरी माणसं माझ्याकडे आजोबा म्हणून येतात आणि नातवाच्या कागदावर अंगठा उठवतात. तरी सासऱ्यांच्या बोलण्यातलं एक मला मान्य आहे. त्या काळी मुलाला "नाही" म्हणणारी माणसं घराबाहेरही होती. किराणावाला, पोस्टमन, समोरच्या काकू, कुणीही पोराला हटकू शकायचं आणि घरच्यांना त्याचा राग यायचा नाही. आता शेजाऱ्याने आपल्या मुलाला काही म्हटलं की सोसायटीच्या ग्रुपवर युद्ध पेटतं. सासऱ्यांना फटका देऊ देऊ नका, पण ही हटकण्याची जागा द्या. तुमच्या घरात रिकामा वेळ असलेलं माणूस तेच आहे.

करायचं काय, ते सांगतो. तुमच्या इमारतीत आठ ते बारा वयाची मुलं असलेली आणखी दोन-तीन घरं शोधा; सगळ्या सोसायटीला पटवायच्या भानगडीत आत्ता पडू नका. संध्याकाळी सहा ते साडेसात अशी एक वेळ ठरवा, परीक्षा असली तरी ती मोडायची नाही. दिवसातून किमान तासभर पळापळ हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि उजेडात बाहेर खेळणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा उशिरा आणि कमी लागतो हे आता पक्कं माहीत आहे. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळचाही तास धरा. तुमचे सासरे आणि आणखी कुणी आजी-आजोबा बाकावर बसतील. त्यांनी फोन घरी ठेवायचा. खेळ शिकवायचा नाही, संघ पाडायचे नाहीत, भांडणात पडायचं नाही. रक्त आलं किंवा दगड उचलला तरच उठायचं. पार्किंगचा एक पट्टा त्या दीड तासात गाड्यांशिवाय ठेवा, म्हणून सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, आणि त्यावर मुलांच्या सह्या घ्या. तुमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंची किंवा वॉचमनची मुलं त्याच वयाची असतील तर त्यांनाही खेळात घ्या. वेगवेगळ्या घरांतली मुलं एकत्र येण्याची जागा पूर्वी नगरपालिकेची शाळा होती. आता मुलं फीप्रमाणे वेगवेगळ्या व्हॅनमधून जातात, म्हणून ही ओळख मुद्दाम घडवावी लागेल.

टॅब त्या काळात मोठ्यांच्या फोनांबरोबर एकाच खणात राहील.

पहिले पंधरा दिवस अवघड जातील. मुलांना काय खेळायचं ते सुचणार नाही, कारण हे खेळ थोरली मुलं धाकट्यांना शिकवत आली आहेत आणि ती साखळी मध्ये तुटली आहे. तुम्ही एकदा जाऊन विषामृत, लंगडी, डबा ऐसपैस दाखवा आणि बाजूला व्हा. दहा मिनिटांत कुणीतरी रडत वर येईल, कुणी म्हणेल मला खेळायला घेत नाहीत, कुणी म्हणेल बोअर होतंय. पाणी प्यायला द्या, गुडघा धुऊन द्या आणि परत खाली पाठवा.